शेजारच्या आसनावरचा हक्कदार

सूरह अन्-निसाची ३६वी आयत आपण सर्वांनी खुतब्यांतून, दर्समधून अनेकदा ऐकलेली आहे. अल्लाहची उपासना करावी आणि त्याच्यासोबत कोणालाही भागीदार ठरवू नये, या आदेशाने ती सुरू होते व लगेच माणसांकडे वळते. ज्यांच्याशी सद्वर्तन करावयाचे त्यांची यादीच ती देते : आईवडील, नातलग, अनाथ, गरजू, नात्यातला शेजारी, परका शेजारी, मग ‘साहिब बिल-जन्ब’, त्यानंतर वाटसरू आणि शेवटी ताब्यातील गुलाम. दर्स देताना आम्ही बहुतेक जण आईवडिलांवर अर्धा तास बोलतो, शेजाऱ्यावर दहा मिनिटे बोलतो, आणि या सातव्या हक्कदाराचा अर्थ एका वाक्यात उरकून पुढे सरकतो. मीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो. आज फक्त त्याच्याविषयीच लिहावयाचे आहे.

‘जन्ब’ म्हणजे बाजू, कूस. ‘साहिब बिल-जन्ब’ म्हणजे बाजूला असलेला सोबती. हजरत अली (रजि.) व हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून याचा अर्थ ‘पत्नी’ असा आला आहे, तर हजरत इब्ने अब्बास (रजि.) आणि त्यांचे शिष्य मुजाहिद व सईद बिन जुबैर यांच्याकडून ‘प्रवासातील सोबती’ असा. इमाम तबरी यांनी हे अर्थ नोंदवून शब्दाची व्याप्ती या सर्वांना सामावून घेणारी मानली. आपल्या उपखंडातील भाष्यकारांनी तर तो थेट आपल्या एस.टी.पर्यंत आणून सोडला. ‘मआरिफुल कुरआन’मध्ये मुफ्ती मुहम्मद शफी यांनी रेल्वेत, बसमध्ये वा बैठकीत आपल्या बाजूला बसलेला माणूस यात मोजला आहे. ‘तफहीमुल कुरआन’मध्ये मौलाना मौदूदी यांनी बाजाराच्या वाटेवर सोबत चालणारा आणि एकाच दुकानात आपल्या शेजारी सौदा घेणारा, यांचाही त्यात समावेश केला आहे.

येथे क्षणभर थांबावे असे वाटते. शेजारी जन्मभराचा असतो, त्याच्याशी चांगले वागण्यात आपलाही लाभ असतो. नातलगाचे तर विचारूच नये, तो हक्क मागूनच घेतो. पण हा सातवा माणूस तासाभराचा आहे. त्याचे नाव आपणास ठाऊक नाही, त्याचा धर्म आयतीने विचारलेला नाही, तो पुन्हा भेटण्याची शक्यताही नाही. त्याने आपल्यासाठी काहीही केलेले नाही. तो केवळ बाजूला आहे, आणि एवढ्यानेच त्याचा हक्क सिद्ध झाला. आपल्या या काळात हक्क कोणाचा सर्वात सहज बुडत असेल, तर तो याचा.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, तरी सांगणे भाग आहे.

मी धाराशिवला कामानिमित्त गेलो होतो. दुपारी फोन आला की आमच्या मोहल्ल्यातील एका बुजुर्गांचे निधन झाले. सारी हयात बैलबाजारात घालवलेला माणूस. मी मिळेल त्या बसने बेंबळीकडे निघालो. जनाज्याची नमाज मलाच पढवायची होती. बसमध्ये बसल्यापासून मी मोबाइलमध्ये होतो. दफनविधी मगरिबनंतर लगेच करायचा की इशापर्यंत थांबायचे, लातूरहून निघालेले नातलग कुठवर आले, कबर खोदून झाली का, हे सगळे गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालले होते आणि मी भराभर उत्तरे देत होतो. एका कानात इअरफोन होता. माझ्या शेजारी खिडकीजवळ एक वृद्ध शेतकरी बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी बसल्याबसल्या काही विचारले असावे. ते मला आठवत नाही. नंतर, अंधार पडू लागल्यावर, त्यांनी विचारलेले मात्र आठवते : “बेंबळी आली का?” मी वर न पाहता मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते अल्लाहला ठाऊक. ते उठले आणि उतरून गेले. बेंबळी अजून दोन थांबे पुढे होती.

मगरिबनंतर नमाज झाली, मय्यत कबरस्तानात गेली, माती दिली गेली. लोक परतू लागले तेव्हा तो वृद्ध कबरस्तानाच्या फाटकाशी येऊन पोहोचला. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. मयताचा चाळीस वर्षांचा बाजारातला सोबती तो. बार्शीकडच्या एका खेड्यातून निघाला होता. स्वतःजवळ मोबाइल नाही, शेजाऱ्याच्या मोबाइलवर निरोप कळला, दोन गाड्या बदलल्या. बेंबळीस तो पूर्वी एकदोनदाच आलेला, तोही दिवसा. मुखदर्शन राहून गेले होते आणि मातीही. मी ज्या जनाज्याची वेळ शंभर लोकांना कळवीत होतो, त्याच जनाज्याला निघालेला माणूस माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता, आणि त्या एकट्यालाच ती कळली नव्हती.

मी पुढे होऊन माफी मागितली. ते रागावले नाहीत. म्हणाले, “असू द्या महाराज. मला वाटलं तुमच्या मानेला काय दुखणं हाय, म्हणून वर बघता येईना.”

त्यांनी हे टोचून म्हटले नव्हते, त्यांना खरोखर तसे वाटले होते. परंतु घरी गेल्यावर मला सूरह लुकमानची १८वी आयत आठवली आणि झोप आली नाही. हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात की, लोकांपासून आपला गाल वळवू नकोस आणि जमिनीवर तोऱ्यात चालू नकोस. ‘गाल वळवू नकोस’ याकरिता तेथे जे क्रियापद आले आहे, ते ‘सअर’ या धातूचे आहे. अरबी कोशकार सांगतात की ‘सअर’ हा मुळात उंटाचा एक आजार आहे. त्यात उंटाची मान एका बाजूला वाकडी होते आणि तो सरळ पाहू शकत नाही. मदरशात असताना उस्तादांनी हा अर्थ सांगितला तेव्हा तो आम्ही वहीत उतरवून घेतला होता. बार्शीकडच्या त्या शेतकऱ्याला अरबीचे अक्षर ठाऊक नव्हते. त्याने नुसते पाहून रोग ओळखला.

आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. सूरह लुकमानची ही आयत ज्या शब्दांनी संपते, जवळजवळ त्याच शब्दांनी सूरह अन्-निसाची ३६वी आयतही संपते : अल्लाहला ‘मुख्ताल’ आणि ‘फखूर’ माणूस प्रिय नाही. मुख्ताल म्हणजे स्वतःच्याच कल्पनेत मोठा होऊन बसलेला, फखूर म्हणजे बढाई मारणारा. मी दोन्ही आयती तोंडपाठ म्हणत होतो, पण बाजूच्या सोबत्याचा हक्क आणि वळलेला गाल हे एकाच दाव्याला बांधलेले आहेत, हे माझ्या लक्षात आले नव्हते. कोणी म्हणेल, मोबाइल पाहणाऱ्याच्या मनात अहंकार कोठे असतो? बरोबर आहे, माझ्याही मनात नव्हता. मी तर मय्यतीच्या कामात होतो. पण शेजारच्या माणसाला आमचे मन दिसत नाही, त्याला गाल दिसतो. गर्विष्ठ माणसाचा वळलेला गाल आणि मोबाइलवाल्याचा वळलेला गाल यांत त्याच्या दृष्टीने काय फरक?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शमाइलमध्ये वर्णन आहे की, ते कोणाकडे वळत तेव्हा केवळ नजर फिरवीत नसत, संपूर्ण देहासह वळत. याहून नेमकी एक हदीस ‘नसाई’मध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आली आहे. प्रेषितांनी (स.) एक अंगठी घातली होती. मग त्यांनी ती काढून टाकली आणि सहाबांना कारण सांगितले की, आज या अंगठीने मला तुमच्यापासून दूर केले. एक नजर तिच्याकडे जाते आणि एक नजर तुमच्याकडे. वाचकहो, अंगठी बोलत नव्हती, वाजत नव्हती, थरथरत नव्हती. ती निषिद्ध म्हणून काढली नव्हती. समोरच्या माणसांच्या वाट्याची अर्धी नजर ती खात होती, एवढाच तिचा दोष होता. आपल्या खिशातल्या वस्तूशी तिची तुलना मी करीत बसत नाही.

इमाम बुखारी व इमाम मुस्लिम यांनी हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून आणखी एक आदेश नोंदविला आहे. तिघे जण असतील तर दोघांनी तिसऱ्याला वगळून कानगोष्टी करू नयेत, कारण त्याने तो दुःखी होतो. लोकांत मिसळल्यावर हरकत नाही. व्याख्याकारांनी यावरून असेही म्हटले की, तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणेही याच प्रकारात मोडते. आता बसच्या बाकावर दोन जण आहेत आणि त्यांतला एक शंभर जणांशी कानगोष्टी करतो आहे. हा आदेश जसाच्या तसा येथे लागू होतो असे मी म्हणणार नाही, तो फतव्याचा विषय आहे. पण आदेशामागचे कारण, म्हणजे बाजूच्या माणसाला आपण नकोसे आहोत असे वाटणे, येथे हजर आहे.

आमच्या भागात हे असे नव्हते. बेंबळीच्या थांब्यावर अनोळखी माणूस उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला : “पाव्हणं, कुठल्या गावचं म्हणायचं?” घरात दखनी बोलणाऱ्या आमच्या आयाबायांचाही हाच प्रश्न, फक्त बोली निराळी. त्यातून सोयरीक निघे, ओळख निघे, निदान पाऊसपाणी निघे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हाच्या आठवणी सांगताना आमचे वडीलधारे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. कोण कुठला माणूस ढिगाऱ्यातून कोणाला ओढत होता, हे कोणी विचारले नाही. २०१६च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि दोन-चार वर्षांत थांब्यावरचा तो प्रश्नच ऐकू येईनासा झाला. वाट विचारणेही गेले. तिर्मिजीतील हजरत अबूजर (रजि.) यांची हदीस वाट चुकलेल्याला वाट दाखविण्यास दान म्हणते, बंधूला पाहून हसणे आणि रस्त्यातला काटा दूर करणे यांच्या पंक्तीत ठेवते. आता वाटसरू मोबाइलमधला नकाशा विचारतो. नकाशा चुकत नाही असे नाही, पण त्याला पुण्य मिळत नाही एवढे खरे.

मोबाइलवर नुसता राग काढणे मात्र अन्यायाचे होईल. २०२१च्या कोरोनाच्या लाटेत अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांसाठी बेड, ऑक्सिजन, रक्त याच यंत्रावर शोधले. रात्रीच्या शेवटच्या गाडीने परतणाऱ्या मुलीच्या हातात तो असणे ही तिच्या आईची निम्मी काळजी मिटणे आहे. मार्च २०२३पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, बसमध्ये आयाबहिणींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. यावरून एका तरुणाने मला जुम्यानंतर गाठून विचारले, “मौलाना, नजर खाली ठेवण्याचा आदेश आहे ना? मोबाइलमुळे माझी नजर खालीच राहते!” तो हसत होता, मीही हसलो. पण प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

रस्त्यावर बसण्याविषयीची हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्हींत आहे. रस्त्याचे हक्क तेथे सांगितले आहेत : नजर खाली ठेवणे, कोणालाही त्रास न देणे, सलामाचे उत्तर देणे, चांगल्याचा आदेश देणे व वाईटापासून रोखणे. पाहा, नजर झुकविणे आणि सलामाचे उत्तर देणे एकाच दमात आले आहे. म्हणजे झुकलेली नजर ही माणसांना बंद केलेले दार नव्हे. सूरह अल्-कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांचा मदयनचा प्रसंग आहे. उपाशी, परागंदा, परक्या मुलखात आलेले. विहिरीवर गर्दी, आणि दोन तरुणी आपली जनावरे मागे रोखून बाजूला उभ्या. हजरत मूसा विचारतात, तुमची अडचण काय आहे? कारण कळताच ते त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात आणि काही न बोलता सावलीत जाऊन बसतात. मर्यादा कशी राखावी हेही तेथे आहे आणि परक्याची अडचण कशी दिसावी हेही. नजर स्वतःच्या संकटात बुडालेली असती, तर क्षमा करण्याजोगी होती. त्यांची नव्हती.

दुसरी अडचण याहून जड आहे, आणि आपल्या मासिकात ती उघड बोलली पाहिजे. आमचे काही तरुण प्रवासात मोबाइलमागे लपतात ते व्यसनाने नव्हे, भीतीने. “कुठल्या गावचे?” नंतर “नाव काय?” येते, आणि नाव सांगितल्यावर समोरचा चेहरा कधी कधी बदलतो. जात काढण्यासाठीही हाच प्रश्न वापरला जातो, हे आमच्या दलित बंधूंना विचारावे. ऑगस्ट २०२४मध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीच्या परिसरात एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला त्याच्या डब्यातील सामानावरून मारहाण झाली. तो प्रसंग महाराष्ट्राला कळला तो डब्यातच चित्रित झालेल्या मोबाइलवरून. त्या चित्रणामुळे पुरावा मिळाला हे मान्य. तरीही, बाजूच्या सोबत्याचा हक्क त्या डब्यात किती जणांना आठवला असेल, हा विचार मनातून जात नाही.

भीती खोटी नाही. पण लपण्याने ती कमी होते का? याचे उत्तर मला आपल्याच राज्यातील एका घटनेत दिसते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा गाव, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. गावोगाव भिक्षा मागत फिरणे हाच या भटक्या समाजाचा पिढीजात मार्ग. त्यांतले बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याकडचे. त्या दिवसांत मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश व्हॉट्सॲपवरून सर्वत्र पसरले होते. या पाहुण्यांपैकी कोणी एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि बाजारात ओरड झाली. जमावाने त्यांना मारले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथे ठार केले. पाचही जण. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घालण्याची घोषणा केली.

सूरह अल्-हुजुरातच्या ६व्या आयतीत श्रद्धावंतांना बजावले आहे की, एखादा अविश्वसनीय माणूस बातमी घेऊन आला तर तिची शहानिशा करा. नाहीतर अजाणतेपणी तुम्ही लोकांना इजा कराल आणि मग केल्याचा पश्चात्ताप करीत बसाल. पुढे १२वी आयत संशयापासून व दुसऱ्याची छिद्रे शोधण्यापासून रोखते आणि १३वी सांगते की माणसांची कुळे व जमाती केली ती एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. बातमीची शहानिशा, संशयाला लगाम आणि ओळख, हे सारे आठ आयतींत एकापाठोपाठ आलेले आहे, आणि राईनपाड्यात यांतले काहीही उरले नव्हते. ते पाच जण हाताच्या अंतरावर होते. कुठल्या गावचे, हे विचारता आले असते. बाजारात कोणीतरी त्यांच्या मुलखाची वाट पाहिलेला निघालाही असता. पण ते कोण आहेत हे मोबाइलने आधीच सांगून ठेवले होते.

म्हणूनच आमच्या भ्यालेल्या तरुणांना मी सांगतो, आपली ओळख आपण सांगितली नाही तर ती कोठली तरी कोणीतरी पाठविलेली सांगितली जाईल. बाजूच्या माणसाला आपले पहिले वाक्य आपल्याच तोंडून ऐकू द्या. नाव सांगताना चेहरा बदलला तर बदलू द्या, तासाभराचा प्रवास अजून बाकी असतो. आणि आपणही दुसऱ्याला विचारताना गावापाशीच थांबावे, जातीपर्यंत खणू नये.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची हदीस सर्वपरिचित आहे. इस्लाममधील उत्तम कृती कोणती, या प्रश्नाला प्रेषितांनी (स.) उत्तर दिले ते अन्न खाऊ घालण्याचे, आणि ओळखीच्या व अनोळखी दोघांनाही सलाम करण्याचे. उलट, हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांच्या ‘मुसनद अहमद’मधील कथनात अखेरच्या काळाचे एक लक्षण असे आले आहे की, सलाम केवळ ओळखीच्यांपुरता उरेल. आपल्या मोबाइलमध्ये ज्यांचे नंबर आहेत त्यांनाच आपण दररोज सकाळी फुलांच्या चित्रासह सलाम धाडतो. मला मात्र बाजूच्या आसनाची काळजी वाटते.

या वर्षी आमच्या मगरिबनंतरच्या मक्तबमध्ये मुलांना याचाच धडा दिला. सूरह अन्-निसाची आयत पाठ करून घेतली आणि एक काम सांगितले : बाजाराला, मामाच्या गावाला, कोठेही जाल तेव्हा बाजूच्या माणसाला सलाम करावा, मुस्लिमेतर असेल तर त्याला रुचेल अशा सभ्य शब्दांत विचारपूस करावी आणि त्याचे गाव विचारून यावे. काही पालक काळजीत पडले, आणि ती रास्तच होती. म्हणून अट घातली की, आई किंवा वडील सोबत असतानाच हे करावे, आणि त्यांनी त्या वेळी आपला मोबाइल खिशात ठेवावा. दुसरी अट पाळणे मुलांपेक्षा पालकांनाच अवघड गेले, हे येथे नोंदवून ठेवतो.

मुले येऊन सांगू लागली. एकाला एका आजीने भुईमुगाच्या शेंगा दिल्या. एकीच्या बाजूला बसलेली बाई दवाखान्यातून परतत होती, रडत होती. मुलीच्या आईने उतरेपर्यंत तिचा हात धरून ठेवला. एकाने तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालेल्या माणसाकडून नवीन गावांची सात नावे आणली आणि वहीत लिहिली.

मागच्या आठवड्यात सर्वात लहान मुलगा रडवेला होऊन आला. म्हणाला, “उस्ताद, मी सलाम केला. पण त्यांच्या कानात ते होतं. मग मी परत केला. तरी त्यांनी बघितलंच नाही.”

मी त्याला समजावले की, सलाम करणे सुन्नत आहे आणि त्याचे पुण्य तुझे झाले. उत्तर देणे वाजिब आहे, ते देणे त्यांच्याकडे राहिले. प्रेषित (स.) कधी कधी तीन वेळा सलाम करीत, असे हजरत अनस (रजि.) सांगतात, तेव्हा तिसऱ्यांदाही करायला हरकत नव्हती.

तो डोळे पुसत म्हणाला, “करणार होतो. पण आमचा थांबा आला.”